अक्कलकारा आणि कोरी जीभ

"कुरण आहे गं!" गाडीतून पाय खाली टाकताच मी ओरडले आणि नसरीननं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ओझर सोडून पाटाच्या कडेनं आत गेलं की एक उतार लागतो. तो उतार, ते गवत, मधलं ते एकुलतं एक बाभळीचं झाड, सगळं जागच्या जागी. बाभूळ एका अंगाला कलली होती, पाटाला सिमेंटचं अस्तर लागलं होतं आणि चारही बाजूंनी द्राक्षबागा सरकत सरकत जवळ आल्या होत्या, पण मधलं गायरान कुणी गिळलं नव्हतं. पुण्याहून निघाल्यापासून मी मनाची तयारी करत आले होते, तिथे प्लॉट पडले असतील, तारेचं कुंपण असेल, एखादं गोदाम उभं असेल. आणि इथे बघते तो गवत मांडीएवढं, भादव्याचं ऊन त्यावर सांडलेलं, आणि चतुरांची नुसती झुंबड! वयाला न शोभेल अशी एक उडी मी मारली. गुडघ्यानं लगेच कुरकुर केली, पण तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता?

आम्ही एक फूल शोधायला आलो होतो. अक्कलकारा. हे फूल कुणी कुंडीत लावत नाही, देवाला वाहत नाही, वेणीत माळत नाही. त्याला धड पाकळ्याही नसतात. लांब देठावर एकटंच उभं असलेलं, करंगळीच्या पेराएवढं, टोकदार, पिवळंजर्द बोंड, एवढाच त्याचा संसार. ओलसर गवतात उगवतं, श्रावण सरता सरता फुलायला लागतं आणि थंडी पडेपर्यंत टिकतं. बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. चावणाऱ्याला मात्र ते जन्मभर विसरता येत नाही. आधी गवतासारखी चव, मग जराशी खारट, आणि मग अचानक जिभेच्या टोकाला झिणझिण्या सुटतात, तोंडात लाळेचा पूर येतो, ओठ आपले राहत नाहीत आणि जीभ हळूहळू बधिर होते. दाढ ठणकत असेल तर ठणका पळतो. म्हणून तर दातदुखीवर पिढ्यानपिढ्या ते वापरलं गेलं.

मागच्या महिन्यात नसरीनचा फोन आला होता. शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे हॅलो-बिलो नाही, थेट मुद्दा.

"अब्बा म्हणतात, अक्कलकारा मेला."

"मेला म्हणजे? उगवत नाही?"

"उगवतो गं. पण त्यात दम नाही राहिला म्हणतात. मागच्या साली मी ओझरच्या एका भाजीवाल्याकडून मागवला. त्यांनी चावला, थुंकला, म्हणाले, घास है, निव्वळ घास. यंदाही तेच. बागांची औषधं पाण्यात उतरली, फूल आतून मेलं, म्हणतात. मंजन कुटणं बंद. दुकानात येऊन बसत नाहीत. घरातलं कुणी गेल्यासारखे खिडकीत बसून राहतात, जेवतही नाहीत धड."

"तू चावून बघितलंस का?"

"बघितलं. मला थोडं झिणझिणलं. पण मी पडले पानवाली. अब्बा म्हणतात, तुला तर सुपारीनंही झिणझिणतं. माझी जीभ ते धरतच नाहीत." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुझी धरतील. तू ये यार."

माझी धरतील! फोन ठेवला आणि मला हसूच आवरेना. इतक्या वर्षांनी माझ्या जिभेला बोलावणं आलं होतं.

नसरीनचे अब्बा म्हणजे आमचे हकीमचाचा. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं युनानी औषधांचं दुकान. अर्क, चूर्णं, मुरंबे, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे अक्कलकाऱ्याचं मंजन. माझं घर नदीच्या पलीकडे, पंचवटीत. वडील रामकुंडावर यात्रेकरूंची कार्यं सांगायचे. घरात कांदा नाही, लसूण नाही, मिरची अगदी नावापुरती. माझ्या बालपणीची सगळी जेवणं पांढरी किंवा फिकट पिवळी होती, आणि याचं मला लहानपणी फार वाईट वाटायचं. नसरीनच्या डब्यातलं लालभडक काही दिसलं की मी नुसती बघत बसायची.

हकीमचाचांचं मंजन मात्र आमच्या घरात होतं. वडील सोवळ्याओवळ्याचे पक्के, पण दातांच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्या सोयीचं शास्त्र काढलं होतं, औषधाला विटाळ नाही. एकदा घाईत त्यांनी मंजन लावलं आणि तसेच रामकुंडावर गेले. समोर यजमान हात जोडून बसलेले, आणि संकल्प सांगताना वडिलांची जीभ वळेना. गोत्र बोबडं, तिथी बोबडी, यजमानांच्या पूर्वजांची नावंही बोबडी. यजमानांना वाटलं, नाशकाकडे असंच म्हणत असतील, आणि तेही मागोमाग तसंच बोबडं म्हणत गेले. घरी येऊन वडील आईला हे सांगताना इतके हसले की उपरण्यानं डोळे पुसावे लागले. तेव्हापासून मंजन कार्यं आटोपल्यावर.

पण माझ्या नोकरीची गोष्ट वेगळीच आहे. हो, नोकरीच म्हणायचे हकीमचाचा तिला. फुलं खुडायला ते दरवर्षी ओझरच्या या कुरणात यायचे. खुडलेलं प्रत्येक गाठोडं बांधायच्या आधी त्यातलं तळाचं एक फूल चावून पाहायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. कारण याच कुरणात आणखी एक पिवळं फूल उगवतं, दिसायला सख्खं भावंड, आणि गुण शून्य. डोळे फसतात, जीभ फसत नाही. मात्र या नियमाच्या पोटात दुसरा नियम होता. एक फूल चावलं की झिणझिणी पुरती उतरेपर्यंत दुसरं तोंडात घालायचं नाही. बधिर जिभेला काय कळणार?

एका वर्षी आभाळ भरून आलं होतं, शेवटची बस गाठायची होती, आणि चाचांनी घाई केली. पहिलं फूल चावलं, झकास झिणझिणलं. त्याच जिभेवर लगेच दुसऱ्या गाठोड्यातलं ठेवलं, मग तिसऱ्यातलं. पहिल्या फुलाची झिणझिणी चालूच होती, त्यामुळे सगळीच फुलं त्यांना एकापेक्षा एक सरस वाटली. त्या खुशीत त्यांनी सगळी गाठोडी भरभरून आणली, सुकवली, कुटली, मंजन केलं. हिवाळ्यात गिऱ्हाइकं यायला लागली. कुणी म्हणे, "हकीमसाहेब, या खेपेचं मंजन दात तेवढे घासतंय, बाकी काही बोलत नाही." एका बाईनं तर सांगितलं, तिनं ते चुकून पिठल्यात टाकलं आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.

चाचा स्वतःवर हसणारा माणूस. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आमच्या ओसरीवर बसून वडिलांना सांगितली आणि पुढे म्हणाले, "गुरुजी, मला एक कोरी जीभ पाहिजे. पान नाही, तंबाखू नाही, तिखट नाही. अख्ख्या नाशकात अशी जीभ तुमच्याच घरात मिळेल." मग माझ्याकडे वळून, "बेटा, जीभ दाखव." मी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती सोन्याचा दागिना पारखावा तशी पारखली. "माशाअल्लाह! कोरा कागद." माझ्या फिकट जेवणांचा असा सन्मान होईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्यानंतरचे ते भादवे, ते आश्विन! सकाळी होळकर पुलावरून धावत जायचं, खाली गोदावरी गढूळ, घाटावर निर्माल्याचा आणि ओल्या दगडाचा वास. पलीकडे नसरीन आणि चाचा पिशव्या घेऊन तयार. ओझरची बस, खिडकीतून येणारा डिझेलचा आणि ओल्या मक्याचा वास. दव सुकेपर्यंत फुलाला हात लावायचा नाही, म्हणून आम्ही बाभळीखाली बसून राहायचो. ओझरच्या विमान कारखान्यातलं नवं विमान चाचणीला निघालं की आभाळ फाटल्यासारखा आवाज यायचा, बगळे एकदम उडायचे आणि आम्ही दोघी कानात बोटं घालून ओरडायचो. आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येत नाही, याची गंमत काही और होती.

आणि मग माझी वेळ. चाचा गाठोड्याच्या तळातून एक बोंड काढायचे, आपल्या रुमालानं पुसायचे, माझ्या जिभेवर ठेवायचे आणि माझी हनुवटी दोन बोटांत धरून तोंडाकडे बघत राहायचे. नसरीन श्वास रोखून उभी. मी डोळे मिटायची. गवत, गवत, खारट, आणि मग आली! टोकापासून निघाली, कडांनी पसरली, टाळूला लागली. मला बोलायचीही गरज नसायची. लाळ गळायला लागली की चाचा आनंदानं म्हणायचे, "पास!" आणि गाठोड्याला गाठ मारायचे. फूल नापास झालं तर अख्खं गाठोडं पाटात. मी शाळेत कधी वर्गाची मॉनिटरसुद्धा झाले नाही, पण इथे माझ्या शब्दावर, म्हणजे शब्दाशिवायच, गाठोडी जगत आणि मरत होती.

दोन फुलांच्या मध्ये घरून आणलेल्या पाण्यानं चुळा, कोरड्या भाकरीचा तुकडा आणि गप्पा. चाचा सांगायचे, पुस्तकातला अक्कलकारा म्हणजे एक मूळ, दूर देशातून येतं, महाग असतं. आपलं हे फूल त्याचा गरीब नातेवाईक. "पण नातेवाईक गरीब असला की काय होतं? बोलावलं की धावत येतो," असं म्हणून ते हसायचे. ज्यांची लेकरं उशिरा बोलतात किंवा बोलताना अडखळतात, अशा आया गुरुवारी दुकानात यायच्या. चाचा फूल मधात वाटून जिभेला बोट लावायचे. त्यानं बोलणं सुटायचं की नाही कोण जाणे, पण मधापुढे लेकरू आवाज मात्र करायचं, आणि आई समाधानानं घरी जायची.

फुलं घरी आली की गच्चीवर मलमलीवर सावलीत सुकायची. नसरीनच्या गच्चीचा तो वास मला अजून येतो, वाळत्या गवताचा, आणि त्यात खालून येणारा बाजारातल्या मेथीचा आणि कोथिंबिरीचा. मग थंडी पडली की कुटणं. लोखंडी खलाचा ठण ठण आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. बाभळीची साल, लवंग, सैंधव, तव्यावर फुलवलेली तुरटी. तुरटी फुलताना ती तव्यावर आधी पाणी होते, बुडबुडे काढते आणि मग पांढरीशुभ्र फुगते. ते बघायला आम्ही दोघी चुलीपुढे उकिडव्या बसायचो. शेवटी फुलांची पूड पडायची, आणि सगळ्या घराला एकदम शिंका यायच्या.

मग शाळा संपली, कॉलेज आलं, माझं लग्न ठरलं. सासर कोल्हापूरचं! पहिल्याच जेवणात माझ्या कोऱ्या कागदावर तांबड्या रश्श्यानं सही केली. हकीमचाचांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "गुरुजी, जावई सोन्यासारखा आहे, पण जीभ गेली हो हातची!" लग्नात त्यांनी मला मंजनाची मोठी बरणी दिली. ती संपली, पुढच्या बरण्या येत राहिल्या, आणि कुरण कधी मागे पडलं ते कळलंच नाही. आई-वडील गेल्यावर तर नाशिकला येणंच कमी झालं.

त्यामुळे नसरीनच्या फोननंतर मी पहिलं काम काय केलं असेल, तर तिखट सोडलं. मऊ भात, दूध, मुगाची खिचडी, साखरेचा शिरा. आमचे हे माझ्या ताटाकडे बघून म्हणायचे, "काय गं, जिभेचं ऑडिट आहे का नाशकात?" हसा म्हटलं. पण आतून मला भीती होती. इतकी वर्षं तांबडा रस्सा ओरपलेली ही जीभ, तिला फूल ओळखू येईल का? नाही आलं, तर मी चाचांना काय सांगणार? फूल मेलं, की मीच कोडगी झाले?

आणि आता कुरण होतं, गवत होतं, पण फूल नव्हतं. जुन्या जागी, पाटाच्या काठाला, आम्ही वाकून वाकून शोधलं. नुसतं दुसरं पिवळं, ते बिनगुणाचं भावंड, मिरवत उभं. सिमेंट लागल्यापासून पाटाचं पाणी झिरपत नाही, काठ कोरडे पडलेले. नसरीनच्या चेहऱ्यावरचा उजेड उतरत चालला. तेवढ्यात चढावरून एक बाई शेळ्या हाकत आल्या आणि आमचं वाकणं बघून थबकल्या.

"काय हरवलं वो ताई?"

"काही नाही मावशी, एक फूल शोधतोय. चावलं की जीभ बधिर होते ते."

"आत्ता गं बया! ते व्हय? आमच्या शेळ्या तोंड लावीत नाय त्याला. ते इकडं नाय आता. तिकडं पाटाची मोरी फुटली हाय ना, थितं लय हाय. चिखल हाय पर, साड्या सांभाळा."

साड्या कोण सांभाळतंय! आम्ही दोघी अक्षरशः पळालो. फुटलेल्या मोरीतून पाणी गवतात पसरलं होतं, पायाखाली पचपच, आणि त्या ओलीत, जिथवर नजर जाईल तिथवर, पिवळी बोंडं. शेकडो. वाऱ्यानं सगळी एकदम मान हलवत होती. नसरीन चिखलात उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मी, मला काय झालं होतं कुणास ठाऊक, मी त्यांच्याशी बोलत होते. "अगं बाई, इथे आलात होय राहायला! इथे आलात होय!"

मग भान आलं. चूळ भरली. एक बोंड खुडलं, पदरानं पुसलं, जिभेवर ठेवलं, दातानं हलकेच फोडलं. गवत. गवत. जरा खारट. पुढे काहीच नाही. आणि मग, देवा रे, टोकापासून! तीच, तश्शीच, टोकापासून निघून कडांनी धावत टाळूपर्यंत! डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, ओठ कुठे गेले पत्ता नाही. मी दोन्ही हात वर करून नाचले. "आहे! नशलीन, आहे!" असं काहीतरी बोबडं ओरडले. ती मला मिठी मारून हसत होती आणि मी तिच्या खांद्यावर लाळ गाळत होते. मागोमाग मोरीपर्यंत आलेली ती शेळीवाली मावशी कपाळाला हात लावून बघत होती. आयुष्यात इतका निर्भेळ आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली, झिणझिणी उतरत आली, आणि माझ्या एकदम लक्षात आलं. फूल जिवंत आहे. मग चाचांना ते घास का लागलं? मी नसरीनकडे पाहिलं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"शक होता." तिनं गिअर बदलला. "वरणात मीठ नसलं तरी कळत नाही त्यांना हल्ली. मी कोणत्या तोंडानं सांगू? साठ वर्षं त्या माणसानं जिभेवर दुकान चालवलं."

"मग मी सांगू?"

"मी तुला सांगायला नाही बोलावलं. बघायला बोलावलं. आता तू ठरव. फूल मेलं म्हणालीस तर ते रडत बसतील. जिवंत आहे म्हणालीस तर..." मागच्या सीटवर फुलांचं गाठोडं होतं, त्याचा ओला हिरवा वास गाडीभर पसरला होता.

चाचा खिडकीतच बसले होते. केवढे लहान दिसत होते! मी वाकून नमस्कार केला तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजींची लेक आली. पण उशीर केलास बेटा. आता काय उरलं?" मी गाठोडं सोडलं. त्यांनी तळातून एक बोंड काढलं, आजही तळातूनच, रुमालानं पुसलं, चूळ भरली आणि चावलं. आम्ही दोघी बघत राहिलो. खाली गल्लीत एक रिक्षा हॉर्न वाजवत अडकून पडली होती. त्यांनी वाट पाहिली, पुष्कळ वाट पाहिली, आणि फूल तळहातावर काढून ठेवलं.

"घास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मग त्यांनी दुसरं काढलं. "तू चाव. माझ्यासमोर."

तेवढ्यात मी ठरवून टाकलं होतं. चेहरा कोरा ठेवायचा. गिळून टाकायचं आणि म्हणायचं, हो चाचा, गेलं बिचारं. एका म्हाताऱ्या माणसाची जीभ त्याच्यापाशी राहू दे. फूल कुरणात आहेच, त्याला कुठे माहीत आहे आपण काय म्हणालो ते. मी बोंड तोंडात घेतलं आणि चाचांनी दोन बोटांत माझी हनुवटी धरली. मी दात आवळले. गवत. खारट. मी श्वास रोखला, मनात वाट्टेल ते आणलं, भाजीवाल्याचा हिशोब, गॅस सिलिंडर. पण अक्कलकारा कुणाच्या ठरवण्याला विचारतो? झिणझिणी आली, धरण फुटावं तशी लाळ आली, ती हनुवटीवरून चाचांच्या बोटांवर ओघळली.

चाचा स्वतःच्या ओल्या बोटांकडे बघत राहिले.

"कुठून निघाली?" त्यांनी हळूच विचारलं. "कडेनं, की टोकापासून?"

खोटं बोलायचं म्हटलं तरी जीभ माझी राहिली नव्हती. "तोकापाशून," मी म्हणाले.

"टोकापासून." त्यांनी मान हलवली. "म्हणजे अस्सल." मग स्वतःची जीभ बाहेर काढून त्यांनी तिला बोट लावून पाहिलं, एखाद्या परक्या वस्तूला लावावं तसं. नसरीननं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार.

चाचा हसायला लागले. आधी आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत, मग मोठ्यानं, खोकत, डोळे पुसत. "या अल्लाह! दोन साल मी कुणाचं मातम करत होतो! अगं, जीभ तर जायचीच होती. म्हाताऱ्याची जीभ, ती काय कयामतपर्यंत पुरणार होती? मला वाटलं ते गेलं. माझ्या अब्बांनी दाखवलेलं, मी जाताना मागे राहील म्हणून बसलो होतो, आणि ते माझ्याआधी गेलं, असं वाटलं मला." त्यांनी गाठोड्यात दोन्ही हात घातले आणि ओंजळभर फुलं चेहऱ्यापाशी धरली. "आहे! नसरीन, सब है! मीच तेवढा चाललोय, बाकी सगळं आहे!"

मग ओंजळ खाली ठेवून, अगदी रोजच्या आवाजात ते म्हणाले, "भूक लागली. काय केलंयस?"

नसरीननं डोळे पुसत पुसत खिचडी वाढली. माझ्यासाठी तिनं ती मुद्दाम बिनतिखटाची केली होती. चाचा आणि मी समोरासमोर बसलो. ते मोठमोठे घास घेत होते आणि घासागणिक सांगत होते, मोरी दुरुस्त व्हायच्या आत बी गोळा करा, गच्चीवर टबात लावा, पुढच्या हंगामाला कोऱ्या जिभेचं कुणीतरी बघून ठेवा, तोवर ही आहेच. मी बधिर तोंडानं हो हो करत होते.

"मीठ बरोबर आहे ना?" नसरीननं विचारलं.

आम्ही दोघांनी जोरजोरात माना डोलावल्या. चाचा तर म्हणाले, "बेहतरीन!"

मग तिनं स्वतःचा पहिला घास घेतला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि उठून मिठाचा डबा आणायला गेली.